कार्बन डॉट्स वापरून पाण्यातले टेट्रासायक्लिन कसे मोजावे

360 नॅनोमीटरचा प्रकाश पडला की कार्बन डॉट्स (कार्बनचे काही नॅनोमीटर आकाराचे कण) 440 च्या आसपास निळे चमकतात. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविकही 360 च्या जवळचाच प्रकाश शोषते. साहजिकच ते पाण्यात असेल तर डॉट्सच्या वाट्याला कमी प्रकाश येतो आणि चमक मंदावते.

डॉट्स बनवण्यासाठी 1.05 ग्रॅम सायट्रिक ॲसिड 10 मिली डीआयनाइज्ड पाण्यात विरघळवा. फ्यूम हूडमध्ये 335 मायक्रोलिटर इथिलीनडायअमीन थेंबाथेंबाने घाला, कारण मिश्रण तापते. टेफ्लॉनचे अस्तर असलेला ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारे बंद भांडे) दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. 200 अंश सेल्सिअसला 5 तास ठेवा आणि पूर्ण निवल्यावरच उघडा. द्रावण 0.22 मायक्रॉन फिल्टरमधून गाळून 1000 डाल्टनच्या पिशवीत (साधारण त्याहून लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या) 24 तास डायलिसिस करा, बाहेरचे पाणी बदलत राहा. ही पायरी वगळू नका. मागे राहिलेले छोटे रेणूही निळेच चमकतात.

मोजणीसाठी 10 मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच 7.4 वापरा. डॉट्स इतके पातळ करा की 360 ला त्यांचे शोषण 0.1 च्या खाली राहील. 4.81 मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड 10 मिली पाण्यात घातले की 1 मिलिमोलर द्रावण होते. ते रोज ताजे करा, प्रकाशापासून झाका. त्यातून 0, 2, 5, 10, 20, 40 मायक्रोमोलरची मालिका बनवा आणि लॉग(मूळ चमक ÷ उरलेली चमक) विरुद्ध संहती असा आलेख काढा.

खरी अडचण नदीच्या पाण्यात येते. 1 मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे 444 मायक्रोग्रॅम, आणि प्रदूषित पाण्यातही प्रमाण सहसा याहून फार कमी असते. म्हणून 500 मिली नमुना गाळा, त्यात धातूंना बांधणारे ईडीटीए घाला (कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह टेट्रासायक्लिनला धरून ठेवतात), मग टेट्रासायक्लिन अडवून धरणाऱ्या एचएलबी कार्ट्रिजमधून सोडा. कार्ट्रिज पाण्याने धुवा, मिथेनॉलने टेट्रासायक्लिन उतरवा, मिथेनॉल उडवून अवशेष 1 मिली बफरमध्ये घ्या.

पण कुजलेल्या पाल्यातले ह्युमिक पदार्थही सोबत साठतात आणि 360 ला शोषतात. स्टँडर्ड ॲडिशनने (नमुन्यातच ठरावीक टेट्रासायक्लिन घालून मोजल्याने) आलेखाचा उतार सुधारतो, ह्युमिक पदार्थांच्या शोषणाची भर मात्र जात नाही. त्यामुळे नुसत्या मंद चमकेवर विश्वास ठेवू नका. वेगळ्या नळीत, डॉट्सशिवाय, युरोपियम क्लोराइड घाला. टेट्रासायक्लिन असेल तर 616 नॅनोमीटरला लाल चमक येते, ह्युमिक पदार्थांमुळे ती अशी उजळत नाही. फॉस्फेट बफर घेतला तर युरोपियम साक्यात बसते, आणि ईडीटीए नीट धुतला गेला नाही तर तो युरोपियम पकडतो. दोन्ही वेळा लाल रंग दिसत नाही आणि दूषित पाणी निर्धोक ठरते.