परस्परविरोधी आठवणींमधून इतिहास कसा लिहून घ्यावा: सीमाभागातील शिक्षकांसाठी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी परिसरात इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाला साक्षीदार शोधायला दूर जावे लागत नाही. एकाच घटनेच्या निरनिराळ्या हकिकती, काही मराठीत तर काही कन्नडमध्ये, मुलांच्या घरी आणि शेजारी सहज ऐकायला मिळतात. तरीही पहिला सराव सीमाप्रश्नावर घेऊ नये, कारण त्या विषयावर मुलांची मते आधीच ठरलेली असतात आणि मत ठरले की साक्ष ऐकण्याऐवजी सोयीची साक्ष निवडली जाते. त्यापेक्षा ऑगस्ट २०१९ चा महापूर घ्यावा.

प्रत्येक विद्यार्थ्याने वेगवेगळ्या गल्ल्यांतील दोघांना भेटावे आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत वहीत उतरवावे. मराठीत आणताना साक्षीतले बारकावे हरवतात, म्हणून कन्नड वाक्य आधी जसेच्या तसे लिहावे. पुढच्या पानावर तीन रकाने आखावेत: स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि नंतर वाटलेले. ‘दिवे गेले होते’ हे पहिल्या रकान्यात जाईल, ‘वरून धरणाचे पाणी सोडले’ हे बहुधा दुसऱ्यात आणि ‘मुद्दाम उशिरा कळवले’ हे तिसऱ्यात. बरेचसे विरोध इथेच सुटतात. समजा, नदीकाठच्या बाई म्हणतात की पाणी तिन्हीसांजेला आले, आणि चढावरचा दुकानदार म्हणतो की पहाटे आले. गावाचा नकाशा फळ्यावर काढून दोघांची जागा दाखवली की दोघेही खरे असू शकतात, हे मुलांना स्वतःच उमगते.

तारखांच्या बाबतीत आपल्या भागात विशेष जपावे लागते. जुनी माणसे सणांवरून काळ सांगतात. ‘बेंदराच्या दिवशी’, म्हणजे बैलांच्या सणाला, असे दोघांनी सांगितले, तरी कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात येत असल्याने दोघांच्या सांगण्यात महिन्याचे अंतर पडू शकते. कोणता बेंदूर, पेरणी झाली होती का, हे विचारल्याशिवाय तारीख लिहू देऊ नये.

एवढी सवय झाल्यावर १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात सीमाप्रश्नाच्या आंदोलकांवर झालेल्या पोलीस गोळीबाराकडे किंवा १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेकडे वळावे. पुनर्रचनेबाबत काही विधाने कागदपत्रांवरून सरळ तपासता येतात. ‘अख्खा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला’ असे कोणी सांगितले, तर त्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यातच ठेवला गेला होता, हे राज्य पुनर्रचना कायद्यातच सापडते. गोळीबारासारख्या घटनेत मात्र आधी काय घडले, याच क्रमावर मतभेद होऊ शकतो आणि तिथे विद्यार्थी हमखास मधला मार्ग काढतो: एक म्हणतो जमाव शांत होता, दुसरा म्हणतो चालून आला, म्हणून ‘जमाव थोडासा आक्रमक होता’. असे वाक्य निग्रहाने खोडावे, कारण ते कोणत्याच साक्षीदाराने सांगितलेले नाही. त्याऐवजी कोण कुठे उभा होता, त्याला काय दिसू शकत होते, कोणत्या गोष्टीवर दोघांचे एकमत आहे आणि कोणती गोष्ट उपलब्ध पुराव्यावरून ठरत नाही, हे लिहायला लावावे. आपल्या माणसाच्या साक्षीला जे प्रश्न विचारले नाहीत, ते परक्याच्या साक्षीला विचारले असतील, तर लेखन परत करावे. माझ्या मते वस्तुनिष्ठतेची याहून कडक कसोटी शाळेत लावता येत नाही. मात्र घरच्या वडीलधाऱ्यांवर शंका घेणे मुलांना जड जाते, म्हणून दोन्ही साक्षींसाठी प्रश्नांची यादी वर्गात आधीच ठरवून द्यावी.

कच्चा मजकूर तयार झाला की विद्यार्थ्याने तो दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवावा. निष्कर्ष पटला का, हे विचारू नये. ‘तुमचे म्हणणे तुम्ही सांगितले तसेच आले आहे ना?’ एवढेच विचारावे आणि त्यांनी केलेली दुरुस्ती मूळ नोंद न खोडता तिच्याखाली तारखेसह लिहावी.