या रानाला काय म्हणायचं?

वीसेक वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, त्र्यंबक रस्त्यालगतच्या एका टेकडीसमोर उभं राहून मी वहीत लिहिलं होतं, ‘पळसाचं रान’. सगळा उतार केशरी झाला होता, दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. सप्टेंबरात मुलांना घेऊन त्याच उतारावर दोरी टाकली, तर 10 बाय 10 मीटरच्या पाच चौकटींत मिळून पळस निघाले चार. डोक्यावरचं आकाश झाकलं होतं मोई, धावडा आणि ऐन यांनी. मार्चमध्ये त्यांची पानं गळलेली होती, म्हणून ती झाडं मला दिसलीच नव्हती. ते पान मी फाडलं नाही. अकरावीच्या मुलांना वनस्पतींचे समूह ओळखायला शिकवताना सुरुवात अजून त्याच पानापासून करते.

समूहाचं नाव दोन गोष्टींवर ठरतं: तिथली प्रबळ जाती कोणती आणि तो समूह उभा आहे ती जागा कशी. यातली एक सुटली तरी नाव लंगडं होतं.

आधी एकसारखा तुकडा निवडा. उतार मध्येच बदलतो, नाळ आडवी येते, माती संपून कातळ उघडा पडतो, तिथे समूहही बदलतो. अशा सीमेवर चौकट टाकली की दोन रानांची सरमिसळ हाती येते. रस्त्याची आणि पायवाटेची कडही टाळा. झाडं ओळीत, एका वयाची, सारख्या अंतरावर दिसली तर ती लागवड आहे. नाशिकच्या आसपास गिरिपुष्प आणि सुबाभूळ अशा पुष्कळ जागी आहेत. त्यांची नोंद करा, पण नैसर्गिक समूहाच्या यादीत घेऊ नका.

झाडांसाठी 10 बाय 10 मीटर, झुडपांसाठी 5 बाय 5 आणि गवत-रोपट्यांसाठी 1 बाय 1 मीटर अशा चौकटी पुरतात. एका तुकड्यात निदान पाच तरी टाका. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर, उतारावर असाल तर वरच्या बाजूनं मोजा.

आता प्रबळ म्हणजे काय, यावर थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्रबळ म्हणजे संख्येनं जास्त असं नाही. एका चौकटीत करवंदीच्या तीस जाळ्या आणि ऐनाची तीनच झाडं असू शकतात, पण सावली कोणाची, पाचोळा कोणाचा, खालची माती कोणामुळे ओली राहते, ते पाहा. म्हणून आम्ही आच्छादन मोजतो, म्हणजे कोणत्या जातीच्या फांद्या-पानांनी किती जागा झाकली आहे ते. वीस मीटरची टेप उताराला आडवी अंथरायची आणि दर मीटरला थांबून कागदाच्या नळीतून सरळ वर पाहायचं. नळीत ज्या झाडाची फांदी दिसेल त्याच्या नावापुढे एक रेघ. वीस ठिकाणी पाहून झालं की एका रेघेचे पाच टक्के. ऐनाच्या नऊ रेघा आल्या तर ऐन 45 टक्के. हीच कृती झुडपांसाठी कमरेच्या उंचीवर आणि गवतासाठी खाली पाहून करा. तीन थर, तीन वेगळ्या याद्या.

ब्राउन-ब्लँके या वनस्पतिशास्त्रज्ञाची, आच्छादनाला 1 ते 5 अंक देणारी पट्टी वापरली तर टक्के लिहायची गरज उरत नाही. 5 टक्क्यांहून कमी म्हणजे 1, 5 ते 25 म्हणजे 2, 25 ते 50 म्हणजे 3, 50 ते 75 म्हणजे 4, त्यावर 5. ज्या जातीला 3 किंवा जास्त मिळतात तिलाच मी नावात घेते. कोणालाच मिळाले नाहीत तर सरळ ‘मिश्र’ लिहा.

कारवीच्या बाबतीत जास्त जपा. ती सात वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते, मधल्या वर्षांत नुसत्या काठ्या आणि खरबरीत पानं. फुलं नाहीत म्हणून अनेक जण तिला यादीत मागे ढकलतात, आणि उतार तर तिनंच धरून ठेवलेला असतो.

मग जागा. आमच्या जिल्ह्यात तर ती वगळून चालतच नाही. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात 700च्या आसपास, आणि मध्ये अंतर जेमतेम 45 किलोमीटर. जांभूळच घ्या. गोदाकाठी तो करंज आणि उंबराच्या सोबतीनं, मुळाशी ओल असलेल्या गाळात उभा असतो. घाटमाथ्यावर तोच जांभूळ अंजनी आणि हिरड्याबरोबर, पावसाच्या माऱ्यात, दगडाच्या फटीत उभा असतो. झाड एकच, समूह दोन. नुसतं ‘जांभळाचं रान’ लिहिलं तर वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

जागेसाठी इतकं लिहा: उंची (फोनवर मिळते), उतार किती आणि कोणत्या दिशेला, माती कशी (काळी, तांबडी, मुरमाड की नुसता कातळ), तिची खोली आणि पाण्यापासूनचं अंतर. खोलीसाठी मी सळई घेऊन जाते, ती ठोकून दगड लागेपर्यंत किती आत जाते ते बघते. उत्तर उतारावर ओल जास्त दिवस टिकते, म्हणून दिशा विसरू नका. बुंध्याचा पाया काळा पडलाय का, खुंटाला फुटवे आलेत का, तेही पाहा. पेठ-सुरगाण्याकडे साग तोडीनंतर खुंटातून पुन्हा फुटतो, त्यामुळे त्याचं प्राबल्य किती जमिनीचं आणि किती कुऱ्हाडीचं हे या खुणांवरूनच उमगतं.

नाव लिहिण्याची एक रीत मला फार आवडते, अमेरिकेच्या राष्ट्रीय वनस्पती वर्गीकरणात ती आहे. एकाच थरातल्या जाती जोडरेषेनं, वेगळ्या थरांतल्या तिरप्या रेषेनं लिहायच्या. माझ्या वहीतली एक नोंद अशी:

‘ऐन-धावडा / करवंद / कुसळी गवत. मुरमाड माती, खोली एक वीत, पश्चिम उतार. चराई आहे, वणव्याच्या खुणा आहेत.’

पुढे हा समूह मोठ्या चौकटीत बसवायचा असेल तर चॅम्पियन आणि सेठ या वनतज्ज्ञांचं 1968 सालचं वर्गीकरण काढा. भारतातली वनं त्यात 16 गटांत विभागली आहेत. वरची नोंद शुष्क पानझडीत जाते. येवल्याकडचा बाभूळ-हिवर-बोरीचा माळ काटेरी वनांकडे झुकतो. मात्र मोठं नाव शेवटी. ते आधी ठरवलं की मोजणी त्याच्याकडे ओढली जाते.

अंजनेरीच्या डोंगरावरच्या उघड्या कातळावर या मोठ्या चौकटी चालत नाहीत. तिथे ऑगस्ट-सप्टेंबरात 1 बाय 1ची चौकट घ्या आणि मातीची जाडी बोटांनी मोजा. सीतेची आसवं आणि गेंद पाणी साचणाऱ्या खळग्यांत, सोनकी जरा जाड मातीत. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत मातीऐवजी पाण्याची खोली लिहा, पाणकणसाचा पट्टा त्यावरच ठरतो.

घाणेरी माजलेली असेल तर तीही नावात येऊ द्या: ‘ऐन-मोई / घाणेरी’. मुलं हे लिहायला कचरतात, रान खराब दिसेल म्हणून. पण घाणेरीचे 60 टक्के आज लिहिले नाहीत, तर दहा वर्षांनी ती वाढली की घटली हे कोणाला सांगता येणार नाही. आणि वहीच्या पहिल्या ओळीत जवळच्या पाड्यावरचे लोक त्या जागेला काय म्हणतात ते लिहा. हर्सूलकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला एकाच डोंगराचे चार तुकडे चार नावांनी दाखवले होते. आम्ही दोन दिवस टेप धरून मोजलं, तेव्हा सीमा जवळपास तिथेच आल्या.