मुका बग, बोलका बग: गंभीरता कशी ठरवायची

तुमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पात कुणीतरी बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, कळवलाय. तो पुन्हा घडवून पाहिला, डुप्लिकेट नाही याची खात्री केली, आवृत्ती नोंदवली; एवढं झालंय असं धरून पुढे जाऊ.

गंभीरतेच्या पायऱ्या चारच ठेवा: अतिगंभीर, गंभीर, साधारण, किरकोळ. डेबियन या लिनक्स प्रणालीत सात आहेत आणि वरच्या तीन पायऱ्यांचे बग नवी आवृत्ती अडवतात, पण तिथे हजारो पॅकेजं सांभाळायची असतात. तिघा-चौघांच्या प्रकल्पात सात पायऱ्या म्हणजे नुसता काथ्याकूट.

आता अवघड भाग. 'क्रॅश झालं म्हणजे अतिगंभीर' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो सोडून द्या. लासलगावच्या बाजारात कांद्याची हिशोबपट्टी काढणारं एखादं ॲप डोळ्यांपुढे आणा. छापताना ते बंद पडलं, पुन्हा उघडल्यावर नोंद जागेवर आहे. वैताग खरा, पण कुणाचं काही गेलं नाही. दुसरा बग असा: वजनाचा रकाना पूर्णांक ठेवलाय, त्यामुळे 12.45 क्विंटलचे 12 होतात. ॲप बंद पडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत, पट्टी छान छापून येते. क्विंटलला 2,000 रुपये भाव धरला तर शेतकऱ्याचे 900 रुपये गेले, आणि पुढच्या ट्रॉलीला पुन्हा तेच. क्रॅशची तक्रार दहा मिनिटांत येते. ही येते महिनाअखेरीस, ताळा जुळेना तेव्हा. तोवर बॅकअपमध्येही चुकीचेच आकडे जाऊन बसलेले असतात. हा अतिगंभीर. क्रॅश फार तर गंभीर.

म्हणून प्रश्न याच क्रमाने विचारा. डेटा गेला किंवा चुकला का? तो परत मिळतो का? वापरणाऱ्याला चूक दिसते का? पर्यायी वाट आहे का? पर्यायी वाट असेल तर एक पायरी खाली उतरा, पण ती वाट रोजच्या माणसाला जमणारी हवी. 'कॉन्फिग फाइल हाताने बदला' ही पिंपळगावच्या अडत्यासाठी वाट नव्हेच. आणि डेटा गेलाय, परतही मिळत नाही, असं असेल तर शेवटचे दोन प्रश्न विचारूच नका, थेट अतिगंभीर.

किती जणांना त्रास होतो, हेही काही प्रकल्प गंभीरतेतच मोजतात. त्याने गल्लत होते. तो हिशेब प्राधान्यात, म्हणजे दुरुस्ती आधी कशाची करायची यात, धरा आणि प्राधान्याचं लेबल वेगळं ठेवा. पहिल्याच पानावर 'निफाड'चं 'निफड' झालंय: गंभीरता किरकोळ, प्राधान्य वरचं, कारण दुरुस्ती दोन मिनिटांची आणि लाज रोजची. 'उद्या सकाळी लिलाव आहे' हेही प्राधान्याचंच कारण. कुणी कितीही तावातावाने लिहिलं तरी गंभीरता त्याने वाढत नाही.

लेबल बदललंत की कारण एका ओळीत लिहा.

सुरक्षेचा बग उघड्या यादीत नको. तो खासगी मार्गाने घ्या, सीव्हीएसएस, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटीची गंभीरता 10 पैकी मोजणाऱ्या पद्धतीने, गुण काढा (9.0 आणि वर अतिगंभीर) आणि पॅच, म्हणजे दुरुस्ती, निघाल्यावरच जाहीर करा. हे गुण सुरक्षेपुरतेच वापरा. वजनाच्या रकान्यातली चूक त्या मापाने मोजता येत नाही.