मराठीत अर्ज करण्याआधी कार्यालय कोणाचं ते पाहा

बहुभाषिक देशाला राजभाषा हवी का, हा वाद कट्ट्यावर नेहमी ‘राष्ट्रभाषा’ या शब्दाला अडखळतो. संविधानाने तो मान कोणत्याच भाषेला दिलेला नाही. अनुच्छेद 343 सांगतं ती संघाच्या, म्हणजे केंद्राच्या, कारभाराची भाषा, हिंदी. 1963 च्या राजभाषा अधिनियमामुळे इंग्रजीही टिकली. राज्याची भाषा राज्य ठरवतं, आपली मराठी. म्हणजे एकट्या पुण्यात केंद्राचा आणि राज्याचा असे राजभाषेचे दोन कारभार नांदतात, आणि घोळ तिथेच होतो.

महापालिका, तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय इथे बेधडक मराठीत लिहा. कॅन्टोन्मेंट बोर्ड, रेल्वे, पासपोर्ट, भविष्य निर्वाह निधी ही कार्यालयं केंद्राची. कॅम्पातला, म्हणजे कॅन्टोन्मेंट हद्दीतला, माणूस इथेच फसतो. रस्ता ओलांडला की कारभारी बदलतो.

केंद्राकडे तक्रारही मराठीत करता येते. अर्जाच्या डोक्यावर ‘अनुच्छेद 350 नुसार निवेदन’ असं लिहा, दोन प्रती न्या, एकीवर तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. मात्र 350 मध्ये हक्क आहे तो निवेदन देण्याचा. उत्तर कोणत्या भाषेत यावं, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. म्हणून विषयाची ओळ इंग्रजीत किंवा हिंदीतही द्या, नावाचं स्पेलिंग कागदपत्रांप्रमाणेच ठेवा, आकडे १२३ नव्हे तर 123 असे लिहा. (संघाच्या कामकाजात अंक आंतरराष्ट्रीय रूपातलेच असतात.) पत्र हिंदीत लिहिलंत तर 1976 च्या राजभाषा नियमांनुसार उत्तरही हिंदीतच द्यावं लागतं. इंग्रजी जड जात असेल तर हा मार्ग सोपा.

माहिती अधिकाराचा अर्ज त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, त्यामुळे पुण्यातल्या केंद्रीय कार्यालयातही मराठी चालते. शुल्क दोन्हीकडे 10 रुपये, पण राज्याला कोर्ट फी स्टॅम्प चालतो, केंद्राला नाही. तिथे पोस्टल ऑर्डर जोडा. अर्ज या स्टॅम्पपायीही परत येऊ शकतो, दोष भाषेला देऊ नका. राज्याकडे एकच विषय, 150 शब्दांत. केंद्राकडे 500 पर्यंत. नकला मूळ कागद ज्या भाषेत असेल त्याच भाषेत मिळतात, भाषांतराची अपेक्षा ठेवू नका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा: राज्यात 20 रुपये, केंद्रात फुकट.