स्कॉटलंडच्या एखाद्या पोट्ट्या सोल्जरची जन्मापासून मरणापर्यंतची हिस्टरी गावात बसून कशी काढायची

महायुद्धावर प्रोजेक्ट द्या म्हटलं की आपले बारावीचे अन् बीएचे पोट्टे ऑस्ट्रियाच्या राजकुमाराच्या खुनापासून सुरू करतात, व्हर्सायच्या तहावर आणून सोडतात, अन् मधात एकही जिता माणूस नसते. मी म्हणतो एकच माणूस पकडा ना बावा. विशीतला एखादा स्कॉटिश पोट्टा घ्या, तो कुठं जन्मला, घरी कोण कोण होतं, पलटणीत कसा गेला, कोणत्या तारखेले कुठं मेला, हे सगळं मोबाईलवर निघते, फक्त नेटवर्क अन् थोडा दम पाहिजे.

स्कॉटलंडचाच काहून? एक तं त्यांचे जन्ममृत्यूचे रजिस्टर लय भरगच्च आहेत, इंग्लंडच्या सर्टिफिकेटवर नसते ते त्यांच्याइथं असते. दुसरं म्हणजे हे लोक आपल्याले तितके परके नाहीत, कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे, अन् १९४४ ले कोहिमाच्या लढाईत रॉयल स्कॉट्स अन् कॅमेरून हायलँडर्सच्या बटालियन आपल्याच देशाच्या मातीत लढल्या.

आता पद्धत. ज्याच्या घरी कास्ट व्हॅलिडिटीची फाईल झाली आहे त्याले हे काम शिकवायची गरजच नाही, कारण डोकं तेच लागते: आजाचा दाखलखारीज, पणज्याचं कोतवाल बुक, एकेक कागद उलटा धरत मागं मागं जायचं, अन् एका कागदावरच्या नावाले दुसऱ्या कागदाने पक्कं करायचं. इथंही मरणापासून सुरू करा अन् जन्माकडे जा. लोक उलटं करतात, जन्मापासून शोधतात, अन् एकाच नावाच्या पंचवीस पोरांमधी हरवून बसतात.

उदाहरणाले चार्ल्स हॅमिल्टन सॉर्ली घेऊ. कविता लिहायचा म्हणून त्याचं नाव राहिलं, पण आपल्याले इथं कवितेचं काम नाही, आपल्याले त्याचे कागद पाहायचे आहेत.

पहिलं काम, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्या सोल्जरांच्या कबरी अन् मेमोरियल सांभाळणाऱ्या संस्थेची, साईट उघडा. हे कमिशन १९१७ पासून चालू आहे, दोन्ही महायुद्धातल्या १७ लाख माणसांची नोंद त्यांच्याजवळ आहे, सर्च फुकट आहे. पहिल्या युद्धासाठी ते ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले मृत्यू धरतात, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, म्हणजे लढाई संपल्यावर दवाखान्यात मेलेला पोट्टाही भेटू शकते. सॉर्ली टाकला की येते: कॅप्टन, सफोक रेजिमेंट, ७वी बटालियन, मृत्यू १३ ऑक्टोबर १९१५, वय २०, लूस मेमोरियल.

इथं थांबा अन् नीट वाचा. माणूस ॲबर्डीनचा, पण पलटण सफोक, म्हणजे पार इंग्लंडच्या पूर्वेकडची. स्कॉटिश आहे म्हणजे किल्ट (त्यांचा घागऱ्यासारखा पेहराव) घालून ब्लॅक वॉच नाहीतर गॉर्डन हायलँडर्स अशा स्कॉटिश पलटणीतच असेल असं धरून चाललात तं हा पोट्टा जन्मात सापडणार नाही. दुसरं, कबर नाही लिहिलं, मेमोरियल लिहिलं, म्हणजे बॉडी सापडली नाही किंवा ओळखू आली नाही. फ्रान्समधल्या त्या लूस मेमोरियलच्या भिंतींवर अशी २०,००० च्या वर नावं आहेत.

साधा शिपाई असेल तं सर्व्हिस नंबर पहिले वहीत उतरवून घ्या, नाव मागून. मॅकडोनाल्ड, स्मिथ, कॅम्पबेल असे ढीगभर निघतात, नंबर अन् पलटण ही जोडी मात्र एकाचीच. टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ राखीव फौजेच्या, पलटणीतला असेल तं १९१७ मधी त्यांचे नंबर बदलून सहा आकडी केले होते, त्यामुळं एकाच माणसाचे दोन नंबर दिसले तर घाबरू नका. अन् त्या युद्धात ऑफिसरले नंबर नसायचा, म्हणून सॉर्लीसारख्याले तारीख अन् बटालियनवरच पकडावं लागते. ऑफिसर कधी झाला, बढती कधी भेटली, हे लंडन गॅझेट नावाच्या तिथल्या सरकारी राजपत्रात छापून यायचं, ते पण ऑनलाईन फुकट आहे.

मग एडिनबराच्या किल्ल्यातल्या स्कॉटिश नॅशनल वॉर मेमोरियलची यादी पाहा. हे मेमोरियल १४ जुलै १९२७ ले उघडलं, यादी साईटवर सर्च होते, अन् पहिल्या युद्धातल्या पुष्कळ नावांसमोर जन्मगाव लिहिलेलं असते. हे जन्मगाव म्हणजे पुढच्या दाराची चावी. इंग्रजीत तीन प्रकारचे मरण लिहितात, ते गोंधळू नका: एक लढाईतच मेला (killed in action), दुसरा जखमी होऊन मागच्या दवाखान्यात मेला (died of wounds), तिसरा नुसताच मेला (died), म्हणजे ताप, ॲक्सिडेंट, काहीही. दुसऱ्या प्रकारचा असेल तं त्याची कबर लढाईच्या जागेपासून दूर, दवाखान्याजवळ भेटते, अन् मग लढाई शोधण्याआधी दवाखाना शोधावा लागते.

आता जन्म. स्कॉटलंड्स पीपल नावाची सरकारी साईट आहे. १ जानेवारी १८५५ पासून तिथं जन्म, लग्न, मृत्यू सरकारी रजिस्टरमधी लिहिणं सक्तीचं झालं, अन् १०० वर्षांपेक्षा जुन्या जन्मनोंदीचा फोटो घरबसल्या पाहाले भेटते. अकाउंट फुकट, यादीतलं नाव शोधणंही फुकट, पण रजिस्टरचं पान उघडाले क्रेडिट विकत घ्यावे लागतात, एका पानाले साधारण दीड पौंड. इथंच आपली गाडी अडते, कारण गावच्या बँकेचं रुपे कार्ड तिथं बहुतेक चालत नाही, ज्याच्याजवळ व्हिसा किंवा मास्टरकार्ड आहे त्याले पकडा अन् बँकेच्या ॲपमधून इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू करून घ्या, काम झाल्यावर बंद करायले विसरू नका. अन् पान उघडलं की लगेच डाऊनलोड करा, रात्रीची लाईट गेली अन् टॉवर बसला की मग पहाटेपर्यंत हात चोळत बसा.

त्या एका पानावर काय काय असते पाहा. पोराचं नाव, जन्माची तारीख अन् वेळसुद्धा, बापाचं नाव अन् धंदा, मायचं नाव अन् तिचं माहेरचं आडनाव, अन् त्या दोघांचं लग्न कोणत्या तारखेले कुठं झालं तेही. म्हणजे दीड पौंडात आख्खं घर उभं राहते, अन् लग्नाची तारीख भेटली की आजापर्यंत जाता येते. आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कायची, त्या काळी १८ व्या वर्षी भरती अन् १९ झाल्यावर परदेशात धाडायचं असा नियम होता, पण कित्येक पोट्टे वय वाढवून घुसले. कबरीवरचं वय अन् जन्माची तारीख वजा करून पाहाच, कधी कधी हिशोब बसत नाही.

जन्मानंतर जनगणना. दर दहा वर्षांची, १८४१ पासून १९२१ पर्यंतची, त्याच साईटवर आहे, घरात कोण, किती खोल्यांले खिडक्या होत्या इथपर्यंत. सॉर्लीचा जन्म १९ मे १८९५ चा, ॲबर्डीनचा, जुळ्यातला एक. बाप तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर, १९०० मधी केंब्रिजले नोकरी लागली अन् घर तिकडं गेलं. म्हणून १९०१ च्या स्कॉटलंडच्या जनगणनेत त्याले शोधत बसाल तं हाती भोपळा, तो इंग्लंडच्या जनगणनेत पाहावा लागते.

मधली वर्षं हाच खरा माल आहे, तिथं घाई करू नका. हा पोट्टा शाळा संपवून १९१४ मधी जर्मनीले गेला, श्वेरीनले राहून भाषा शिकला, मग येनाच्या युनिव्हर्सिटीत बसला. ऑगस्टात युद्ध पेटलं तेव्हा तो जर्मनीतच हिंडत होता, ट्रियरले त्याले पकडलं अन् मग सोडून दिलं. घरी आला अन् सरळ फौजेत नाव दिलं. ज्या लोकांच्या घरी जेवला, ज्यांच्याविषयी मनात माया होती, त्यांच्याच समोर मे १९१५ च्या शेवटाले फ्रान्समधी जाऊन उभा राहिला. ऑगस्टात कॅप्टन झाला, वय वीस, अन् १३ ऑक्टोबरले हलुक गावाजवळ डोक्यात स्नायपरची गोळी लागली. लूसची लढाई २५ सप्टेंबरपासून चालू होती, पहिल्याच दिवशी ९व्या अन् १५व्या स्कॉटिश डिव्हिजनची पार चाळण झाली होती.

सगळ्यांची सर्व्हिस फाईल भेटेल अशी आशा ठेवू नका. सप्टेंबर १९४० मधी जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले, त्यात गोदाम जळालं अन् पहिल्या युद्धातल्या शिपायांच्या अर्ध्याहून जास्त फाईली खाक झाल्या, उरलेल्यांच्या कडा जळक्या आहेत. फाईल नसली तं बटालियनची वॉर डायरी घ्या, ती लंडनच्या नॅशनल आर्काईव्ह्जमधी आहे, रोज पलटण कुठं होती, पाऊस होता का, किती मेले, ते त्यात लिहिलं असते. शिपायाचं नाव बहुतेक नसते, ऑफिसरचं असते, दुनियाच तशी आहे. तारीख डायरीवर लावा, मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साईटवर त्या वेळचे खंदकांचे नकाशे फुकट आहेत, त्यात हलुक शोधा, झूम करा, कोणता खंदक कुठं वळला इथपर्यंत दिसते.

शिपायांचे मृत्युपत्र मात्र सोडू नका. पे बुकच्या, म्हणजे शिपायाजवळच्या पगाराच्या वहीच्या, एका पानावर पेन्सिलीने दोन ओळी, माझं काही झालं तं माझं सगळं माझ्या आईले द्या, खाली सही, नंबर, तारीख. स्कॉटिश शिपायांचे असे हजारो कागद जपून आहेत अन् स्कॉटलंड्स पीपलवर पाहाले भेटतात. मले विचाराल तं प्रोजेक्टमधी लढाईचा नकाशा नाही टाकला तरी चालेल, हा कागद टाका.

लिहिताना एक पथ्य पाळा, कागदावर नाही ते लिहू नका. आई दारात वाट पाहत बसली, मरताना देशाचं नाव ओठावर होतं, असलं काहीच आपल्याले माहीत नाही. कबरीवरच्या दगडाच्या तळाशी घरच्यांची एक ओळ असू शकते, ६६ अक्षरांच्या आत, अक्षरामागं साडेतीन पेनी ठरवली होती, आईबापाचा आवाज पाहिजे असेल तं तोच खरा.

अन् तुमचा सोल्जर आपल्याइकडेच मेला असेल, म्हणजे कामठीसारख्या छावणीत कॉलऱ्याने किंवा टायफॉईडने, तं सर्चमधी गावाचं इंग्रजी स्पेलिंग जुनं, कॅम्पटी (Kamptee) असं टाका. जुन्या काळी तिथं मद्रासची फौज राहायची म्हणून दफनाच्या नोंदी मुंबईच्या नाही तं मद्रासच्या रजिस्टरमधी पाहा, ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कब्रस्तानात जायच्या आधी परवानगी घ्या, दगडावर खडू, चुना, तेल काहीच घासू नका, अक्षर दिसत नसेल तं सकाळच्या तिरप्या उन्हात नाहीतर बाजूनं टॉर्च मारून फोटो काढा. पहिल्या युद्धातला असून कबर राखली गेली नसेल, तं नाव पुण्याच्या खडकी वॉर सिमेट्रीतल्या मेमोरियलवर असू शकते, तिथं अशी १,८०० च्या वर नावं आहेत. खडकीले कोणी नातेवाईक असेल तं त्याले फोटो काढाले सांगा, फक्त नावासोबत वरची रेजिमेंटची ओळपण फ्रेममधी घे म्हणा, नाहीतर फोटो आल्यावर हा कोणता स्मिथ तेच समजत नाही.