कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) जॉइन करायचंय? मग हे वाचा

फर्स्ट इयरला असाल तर ॲडमिशन झाल्या झाल्या नोटीस बोर्डवर लक्ष ठेवा, एनएसएसचा फॉर्म तिथंच लागतो, आणि नाही दिसला तर सरळ प्रोग्राम ऑफिसर कोण आहेत ते विचारून त्या सरांना किंवा मॅडमना जाऊन भेटा, लाजू नका. जागा ठरावीक असतात, त्यामुळे उशीर नको.

ही योजना 1969 पासून चालू आहे, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षापासून. दोन वर्षांत 240 तास काम करायचं, म्हणजे वर्षाला 120. रक्तदान शिबिर, झाडं लावणं, स्वच्छता असं सगळं. तास डायरीत लगेच लिहून सही घ्या, नंतर कुणालाच आठवत नाही.

पण खरी मजा 7 दिवसांच्या निवासी शिबिरात, ते चुकवूच नका. गावातल्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला होता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, सुतळीनं तोंड शिवायचं आणि साखळी करून हातोहात पुढं द्यायची, तळहाताला फोड आले पण दुसऱ्या दिवशी सकाळी मागं पाणी साठलेलं बघून गावातल्या आजी ओंजळ भरून उभ्या राहिल्या ना, ते अजून डोळ्यासमोर आहे.

जाताना टॉर्च, जाड चादर, जुने बूट आणि स्वतःचं ताट-वाटी नक्की घ्या.