साल्साची ध्वनिमुद्रणे कशी ऐकावीत: आधी घंटा, मग क्लावे, मग गायक

साल्सा, म्हणजे क्यूबन तालांवर बांधलेले स्पॅनिश भाषेतले नाचाचे संगीत, ऐकायला शिकायचे असेल तर आधी स्पॅनिश शिका, असा सल्ला काही जण देतात. 'नुसते ऐकत राहा, ताल आपोआप अंगात भिनतो,' असे सांगून दुसरे काही जण मोकळे होतात. पहिला सल्ला अनाठायी आहे आणि दुसरा माझ्या अनुभवाने साफ खोटा आहे. मी जवळजवळ दोन वर्षे नुसता ऐकत राहिलो. गाणी आवडत होती, पायही हलत होता. पण तो चुकीच्या ठिकाणी हलत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यामुळे साल्साच्या गायकांना एवढे मोठे का मानतात, हेही कळत नव्हते, कारण त्यांची निम्मी करामत शब्द तालाच्या कोणत्या जागेवर ठेवला यातच असते. पुढे दिलेली पद्धत मी तेव्हापासून अनेकांना शेजारी बसवून शिकवली आहे. त्यासाठी हेडफोन, स्टीलची वाटी आणि चमचा एवढेच पुरते.

ध्वनिमुद्रणे निवडणे

जॉनी पाचेको हा मूळचा डोमिनिकन बासरीवादक आणि जेरी मासुची हा वकील, या दोघांनी १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि सत्तरच्या दशकातला साल्सा बहुतांशी तिच्याच छत्राखाली मुद्रित झाला. सुरुवातीला तिथलीच तीन गाणी घ्यावीत: एक्तोर लावोचे 'एल कांतांते' (१९७८, 'कोमेदिया' हा अल्बम), सेलिया क्रूस आणि पाचेको यांचे 'किंबारा' (१९७४, 'सेलिया अँड जॉनी'), आणि रुबेन ब्लेड्स व विली कोलोन यांचे 'पेद्रो नावाखा' (१९७८, 'सिएम्ब्रा').

नावावर जाऊ नये. अल्बम, साल आणि लांबी पाहावी. मूळ 'एल कांतांते' दहा मिनिटांहून थोडे मोठे आहे. चार-पाच मिनिटांची आवृत्ती सापडली तर ती कापलेली असते, आणि कापताना नेमका तोच भाग उडवलेला असतो ज्यासाठी आपण हे गाणे घेतले. लावोच्या आयुष्यावरच्या चित्रपटासाठी मार्क अँथनीने गायलेली आवृत्तीही शोधताना वर येते. ती वाईट नाही, पण शिकण्यासाठी तिचा उपयोग नाही.

तिन्ही गाणी एकदा काहीही न मोजता सलग ऐकावीत. शब्दांचा अर्थ आधी वाचून घेतला तरी चालेल, पण ऐकताना तो कागद समोर ठेवू नये.

मोंतुनो कुठे सुरू होतो ते टिपून ठेवणे

साल्साच्या गाण्यात आधी कडवी असतात आणि मग मोंतुनो येतो, म्हणजे साथीचे गायक एकच ओळ (कोरो) पुन्हा पुन्हा म्हणतात आणि मधल्या जागेत मुख्य गायक उत्स्फूर्त ओळी टाकतो. कोरो जिथे पहिल्यांदा येऊन ठाण मांडतो, तिथले मिनिट आणि सेकंद लिहून ठेवावेत.

क्लावे सापडणे

इथेच बहुतेक जण अडतात, आणि मी सर्वांत जास्त अडलो होतो.

क्लावे म्हणजे सोळा मात्रांच्या आवर्तनात पडणारे पाच आघात. मात्रा मध्यम वेगात मोजाव्यात आणि १, ४, ७, ११ आणि १३ या ठिकाणी चमचा वाटीवर मारावा. आघातांमधली अंतरे तीन, तीन, चार, दोन, चार अशी येतात. ती तोंडाने म्हणत वाजवली की हात लवकर बसतो. पहिल्या आठ मात्रांत तीन आघात आणि पुढच्या आठांत दोन, म्हणून याला तीन-दोन क्लावे म्हणतात. बाजूंचा क्रम उलटला की तेच दोन-तीन क्लावे होते. हे गाण्याशिवाय, गप्पा मारता मारता वाजवता येईपर्यंत घोटावे. दोन संध्याकाळी पुरतात.

अडचण पुढे आहे. 'सोन' हा जुना क्यूबन गाण्याचा प्रकार वाजवणाऱ्या गटांमध्ये मुख्य गायक स्वतः हातात लाकडाच्या दोन दांड्या घेऊन हे आघात वाजवत असे. फानियाच्या काळातल्या कित्येक गाण्यांत त्या दांड्या ऐकूच येत नाहीत. क्लावे तिथे प्रत्येक वादकाच्या डोक्यात असते आणि सगळे तिला धरून वाजवतात. त्यामुळे 'गाणे लावा आणि क्लावेच्या टाळ्या द्या' हा सल्ला नवख्याला खड्ड्यात घालणारा आहे. जी गोष्ट कानावर पडतच नाही तिच्याबरोबर टाळी देणार कशी?

माझ्या एका तबला वाजवणाऱ्या मित्राने मला सांगितले होते, 'सम शोध, बाकी आपोआप येईल.' आपल्या कानाला हा सल्ला अगदी पटतो, आणि त्यातच घात आहे. समेवर वजन पडते असे गृहीत धरून आपण सर्वांत जड आवाजाकडे, म्हणजे बासकडे, कान लावतो. साल्साचा बास पहिल्या मात्रेवर बहुतेक वेळा वाजतच नाही. तो आठ मात्रांच्या घरात चौथ्या आणि सातव्या मात्रेवर वाजतो, आणि सातव्या मात्रेवरचा सूर पुढच्या घराची स्वरसंगती आगाऊ घेऊन पहिल्या मात्रेवरून तसाच ओढत नेतो. कोंगा ढोलांचे मोकळे, घुमणारे ठोकेही सातव्या आणि आठव्या मात्रेवरच पडतात. म्हणजे सगळा भरीव आवाज सातव्या मात्रेपाशी गोळा झालेला असतो आणि पहिली मात्रा जवळजवळ रिकामी असते. मी ती सातवी मात्रा सम धरून चाललो होतो. गाणे माझ्या हिशेबात दोन मात्रा सरकलेले होते, आणि गायक मध्येच कुठेतरी शब्द सुरू करतो आहे असे मला दोन वर्षे वाटत राहिले.

म्हणून माझे ठाम मत आहे की सुरुवात बासपासून कधीही करू नये; ती घंटेपासून करावी. मोंतुनो सुरू झाला की बोंगो वाजवणारा वादक बोंगो बाजूला ठेवून कांपाना हातात घेतो. ही लोलक नसलेली मोठी घंटा असते आणि ती दांडक्याने वाजवतात. तिच्यावर बारीक ठोकेही पडत असतात, पण घंटेच्या उघड्या तोंडावर मारलेले जाड, खालच्या सुरातले ठोके ठरलेल्या जागी येतात: १, ५, ९ आणि १३. तीनतालाचे चार विभाग जिथे सुरू होतात त्याच या मात्रा, त्यामुळे मराठी कानाला ही जागा नवी नाही. 'एल कांतांते'त टिपून ठेवलेल्या मिनिटापासून गाणे सुरू करावे, इतर सर्व वाद्ये सोडून फक्त ती घंटा धरावी आणि प्रत्येक जाड ठोक्याला पाय टेकवावा. चार-पाच मिनिटे दुसरे काही करू नये. वाटीसुद्धा खाली ठेवावी.

चुकलो की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. घंटेचा जाड ठोका आणि आपला पाय एकाच वेळी पडत असतील तर ठीक. आधी पाय, मग घंटा, मग पाय, मग घंटा असे आळीपाळीने होत असेल तर आपण बासच्या मागे गेलो आहोत. अशा वेळी पाय सरकवून जुळवण्याचा प्रयत्न करू नये. गाणे थांबवावे, मागे न्यावे आणि पुन्हा घंटेपासून सुरुवात करावी. चालू गाण्यात पाय सरकवला की कान जुन्या जागी परत ओढतो. मी हे इतक्या वेळा केले आहे की त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

पाय स्थिर झाल्यावरच चमचा उचलावा. घंटेच्या चार जाड ठोक्यांपैकी फक्त दोन क्लावेला भेटतात, १ आणि १३. उरलेले तीन आघात हवेत पडतात असे वाटते, पण तेही कुणाला तरी भेटतातच: ४ आणि ७ बासला, आणि ११ कोंगाच्या कोरड्या चापटीला. ज्या बासने सुरुवातीला फसवले तोच आता चमच्याखाली येतो. पहिल्यांदा हे जुळले तेव्हा मी वाटीवरचा हात थांबवला आणि तरीही क्लावे ऐकू येत राहिली.

आता बाजू ठरवायची. चमचा एकदा घंटेच्या जाड ठोक्यांच्या एका जोडीपासून (१-५) आणि एकदा दुसऱ्या जोडीपासून (९-१३) सुरू करून पाहावा. चुकीच्या बाजूने वाजवले की कोरोचे शब्द आणि चमचा एकमेकांच्या पायांत येतात. एवढ्याने उमगले नाही तर पियानो ऐकावा. मोंतुनोत पियानोची आकृती सोळा मात्रांची असते. तिच्या ज्या अर्ध्या भागाचा पहिला सूर घंटेबरोबर सरळ पडतो ती बहुतेक वेळा दोनची बाजू, आणि जो अर्धा भाग सगळा घंटेच्या अधल्यामधल्या जागांतून जातो ती तीनची. क्लावे एकदा सुरू झाली की ती गाणेभर थांबत नाही आणि उलटतही नाही. चाल कोणत्या बाजूने सुरू होईल हे गाण्यागणिक बदलते. म्हणून तीनच्या बाजूला सम मानण्याचा मोह टाळावा.

साल्साच्या नृत्यवर्गात गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे 'एक-दोन-तीन, पाच-सहा-सात' असे मोजतात आणि त्यांचा एक आकडा म्हणजे आपल्या दोन मात्रा. त्यांचा 'पाच' आपल्या नवव्या मात्रेवर येतो. दोन्ही हिशेब एकाच वेळी डोक्यात ठेवू नयेत. तसेच काही गाण्यांत तिसरा आघात सातव्याऐवजी आठव्या मात्रेवर ऐकू येईल. ती रुंबा क्लावे, म्हणजे क्लावेचाच दुसरा प्रकार असतो, आपली चूक नसते. आपल्याकडच्या पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटगीतांत बोंगो आणि माराकास भरपूर वाजले आहेत, त्यामुळे ही वाद्ये ओळखीची वाटतात. पण त्या गाण्यांवर क्लावे शोधण्याचा सराव करू नये, कारण तिथे वाद्ये आली तरी गाणे क्लावेच्या नियमाने बांधलेले असेलच असे नाही.

कडव्यांकडे परतणे

मोंतुनोत हात बसला की गाणे सुरुवातीपासून लावावे. कडव्यांत घंटा नसते. तिच्या जागी तिंबालेस हे जोड-ढोल वाजवणारा त्यांच्या धातूच्या कडेवर काठीने टकटक करत असतो आणि ती टकटकही क्लावेला धरूनच असते.

गायक ऐकणे

आता वाटी-चमचा ठेवून द्यावा आणि 'एल कांतांते' पुन्हा ऐकावे. लावो पोर्तो रिकोतल्या पोन्सेचा. तो १९६३ साली न्यूयॉर्कला आला. हे गाणे ब्लेड्सने लिहिले, कोलोनने ध्वनिमुद्रणाची सूत्रे सांभाळली आणि ते कायमचे लावोच्या नावाला चिकटले. त्याचा आवाज थोडा नाकातला आणि पातळ आहे. नुसत्या आवाजावर त्याला मोठे कुणी म्हटले नसते. घंटा मनात चालू ठेवून ऐकले की खरी गंमत दिसते. तो ओळ उशिराने उचलतो, आता कोरो येण्याआधी ती संपणार नाही असे वाटायला लावतो, आणि शेवटचा शब्द क्लावेच्या आघातावर अलगद टेकवून बाजूला होतो. दहा मिनिटे हे चालते आणि कुठेही घाई दिसत नाही.

सेलिया क्रूसचा मार्ग याच्या उलट आहे. १९५० पासून हवानात ला सोनोरा मातान्सेरा या वाद्यवृंदाबरोबर गाऊन, १९६० साली क्यूबा सोडून ती न्यूयॉर्कच्या या मंडळींत आली तेव्हा तिची तालावरची पकड कधीचीच पक्की झालेली होती. 'किंबारा' हा शब्द ऐकताना अर्थ शोधू नये. तो तबल्याच्या बोलासारखा ऐकावा. ती प्रत्येक अक्षर ठोक्यासारखे मारते, आणि क्लावे हाताशी नसेल तर या वेगात ते सगळे नुसते खळखळाटासारखे वाटते.

'पेद्रो नावाखा' शेवटी ऐकावे. टोपी तिरपी घालून फिरणारा गल्लीतला गुंड एका बाईला लुटायला जातो आणि दोघेही मरून पडतात, अशी ती कथा. ब्लेड्स ती बोलल्यासारखी सांगतो, सुरुवातीला तालवाद्यांच्या मोजक्या साथीवर, आणि वाद्ये एकेक करून भरत जातात. कोरोसाठी खूप थांबावे लागते. तोपर्यंत क्लावे स्वतः धरून ठेवता आली तर आतापर्यंतची मेहनत कामी आली असे समजावे.

यापुढची यादी मी देत नाही, कारण ती लावोनेच दिली आहे. 'एल कांतांते'च्या मोंतुनोत एका ठिकाणी तो सेलिया, रिवेरा आणि फेलिसियानो यांना नमस्कार करतो आणि खरे गाणारे ते, असे म्हणतो. फेलिसियानो म्हणजे चेओ फेलिसियानो. त्याचे १९७१ चे 'आनाकाओना' घ्यावे. ते लिहिणारा तीते कुरेत आलोन्सो पोर्तो रिकोच्या टपाल खात्यात नोकरी करून गाणी लिहीत असे, आणि ते गाणे हिस्पानिओला बेटावरच्या (आजचे हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक) मूळच्या ताइनो लोकांच्या सरदारणीवर आहे. रिवेरा म्हणजे इस्माएल रिवेरा. त्याला घाईने ऐकू नये. इतर गायक कोरो येण्याआधी आपली ओळ आवरतात. रिवेरा कित्येकदा कोरो सुरू झाला तरी थांबत नाही, त्याच्या डोक्यावरून शब्द पुढे नेतो आणि तरीही पुढच्या आवर्तनात आपल्या जागेवर हजर असतो. त्याच्यासाठी वाटी पुन्हा काढावी लागते.